मास्ट बारीक हवा की ताठ? आधी पीळ मोजा

सोलापूरच्याच एका तरुण रायडरचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: वजन 92 किलो, दोन वर्षं विंग-फॉइलिंग (हातात हवा भरलेलं शीड धरून, पाण्याखालच्या पंखांवर उचललेला बोर्ड चालवणं) चालू, बहुतेक उजनीच्या बॅकवॉटरवर आणि वर्षातून एखाद वेळा रामेश्वरमला. सध्याचा मास्ट, म्हणजे बोर्ड आणि पाण्याखालचे पंख जोडणारी उभी काठी, अ‍ॅल्युमिनियमचा, 75 सेंटीमीटर लांब आणि 19 मिलीमीटर जाड. मागच्या महिन्यात एक मीटर स्पॅनची (टोकापासून टोकापर्यंतची) नवी फ्रंट विंग, म्हणजे पाण्याखालचा पुढचा पंख, लावली, तेव्हापासून ‘बोर्ड उशिरा ऐकतो’ आणि वळताना मध्येच डळमळतो. कोणीतरी सल्ला दिलाय की 90 सेंटीमीटरचा, 14 मिलीमीटर जाडीचा कार्बन मास्ट घे, सगळं सरळ होईल. पैसे बरेच लागणार, म्हणून विचारतोय की घेऊ का? शेवटी जाता जाता अजून एक: 14 नॉटच्या पुढे मास्ट घूं असा आवाज का करतो?

घाई करू नका. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून तो मास्ट घेतलात, तर पैसे जातील आणि दुखणंही वाढेल. का ते सविस्तर सांगतो, कारण हा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडांनी महिन्यातून दोनदा तरी विचारला जातो.

माझं अक्कलकोट रोड एमआयडीसीत छोटं शेड आहे. मूळ धंदा यंत्रमागाच्या सुट्या भागांचा. कार्बनचं काम हौसेपोटी सुरू केलं आणि आता फॉइलची दुरुस्ती, मोल्ड, कधीतरी अख्खा मास्ट असं काम येतं. मास्टला मराठीत डोलकाठी म्हणतात म्हणून एकाने मला बिल ‘कार्बन डोलकाठी’ या नावाने करायला लावलं होतं. नाव चुकलं असं नाही, पण जहाजाची डोलकाठी वर असते आणि थोडी डोलली तरी चालते. आपली काठी बोर्डाच्या खाली, आणि तिने डोलायचंच नाही.

मास्टवर नेमकं काय येतं ते आधी बघू. तुम्ही सरळ उभे असता तेव्हा तुमचं वजन मास्टमधून सरळ खाली जातं, त्याचं मास्टला काहीच वाटत नाही. भानगड सुरू होते ती तुम्ही पाय हलवल्यावर. समजा तुम्ही वजन फक्त 4 सेंटीमीटर एका बाजूला टाकलं. 92 किलोला तो साधारण 36 न्यूटन-मीटरचा मुरडा, म्हणजे मास्टला बाजूला वाकवणारा जोर, झाला. हा मुरडा विंगपर्यंत पोचवणं हेच मास्टचं काम. मास्ट वाकला तर बोर्ड आधी कलतो आणि विंग नंतर कलते. तुम्ही ज्याला ‘उशिरा ऐकतो’ म्हणताय ते हेच.

आता तुमच्या दोन मास्टचा हिशेब. 120 मिलीमीटर रुंदीचा, आतून पोकळ, 3 मिलीमीटर भिंतीचा 19 मिलीमीटरचा अ‍ॅल्युमिनियम मास्ट, 75 सेंटीमीटर लांब: वरच्या मुरड्याने खालचं टोक साधारण एक अंश कलतं. तेवढ्याच रुंदीचा, भरीव, नेहमीच्या कार्बनचा 14 मिलीमीटरचा, 90 सेंटीमीटर लांब: जवळजवळ दोन अंश. म्हणजे महागडा मास्ट दुप्पट लवचिक. कार्बन म्हटलं की ताठ, हे समीकरण लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की कोणी जाडी बघतच नाही.

जाडी का एवढी महत्त्वाची? ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. 14 चे 16 केले तर दीडपट, 14 चे 19 केले तर अडीचपट. दोन मिलीमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण त्यात पन्नास टक्के ताठपणा असतो. भाकरीसारखंच आहे, थोडी जाड थापली की उचलताना लोंबत नाही. आणि कार्बनचं म्हणाल, तर नुसत्या धाग्याच्या ताठपणाचा आकडा 230 गिगापास्कल असतो, अ‍ॅल्युमिनियमच्या 70 च्या तिप्पटीहून जास्त. जाहिरातीत हाच आकडा असतो. पण त्यात राळ (धागे चिकटवणारं रेझिन) मिसळली, धागे वेगवेगळ्या दिशांनी घातले, की तयार मास्टच्या लांबीच्या दिशेने हातात उरतात 70-80 च्या आसपास. म्हणजे अ‍ॅल्युमिनियमइतकेच. वजन मात्र कमी, घनता 2.7 ऐवजी दीडच्या थोडी वर. कार्बनचा खरा फायदा तिथे आहे.

धागे वेगवेगळ्या दिशांनी का घालायचे? सगळे सरळ उभे का नकोत? हाच प्रश्न मला पडला होता आणि त्यावर मी एक अख्खा मास्ट वाया घालवला. तो किस्सा सांगतो, कारण पीळ म्हणजे काय हे मला त्यातूनच कळलं.

पहिला मास्ट केला तो 80 सेंटीमीटरचा, 15 मिलीमीटर जाड, सगळा कार्बन उभ्या दिशेने. लेथच्या बेडवर मुळाशी घट्ट बांधला, टोकाला 10 किलोचं वजन टांगलं, डायल गेज लावला. टोक 9 मिलीमीटर खाली आलं. मी खूश. तेवढ्याच लांबी-जाडीचा भरीव अ‍ॅल्युमिनियम धरला तर हिशेबाने 16 येत होते. पाण्यात नेला आणि पहिल्याच वळणात विंग एकीकडे, मी दुसरीकडे. पंपिंग करताना, म्हणजे पायांनी बोर्ड वरखाली दाबून वेग घेताना, तर असं वाटायचं की खाली कोणीतरी मासा शेपूट हलवतोय.

परत शेडमध्ये आलो. या वेळी टोकाला 40 सेंटीमीटरची आडवी पट्टी बांधली, पट्टीच्या शेवटी तेच 10 किलो टांगलं, पट्टीखाली बरोबर मास्टच्या टोकाला एक टेकू दिला म्हणजे मास्ट वाकणार नाही, फक्त पिळला जाईल. मास्टच्या टोकावर मुलाच्या खेळण्यातला लेझर पॉइंटर चिकटवला आणि ठिपका 5 मीटर लांबच्या भिंतीवर पाडला. वजन सोडलं. ठिपका भिंतीवरून सरकत सरकत अर्ध्या मीटरहून लांब गेला. सहा अंश. मग एका गिऱ्हाईकाचा जुना 75 सेंटीमीटरचा अ‍ॅल्युमिनियम मास्ट तिथेच बांधला, तुमच्यासारखाच 19 चा. ठिपका सरकला सात सेंटीमीटर. एक अंशसुद्धा नाही.

आमच्या घरी माग होता, त्यामुळे हे मला आधीच कळायला हवं होतं. सोलापुरी चादर उभ्या धाग्यात ओढा, हलणार नाही. आडव्यात ओढा, फारशी हलणार नाही. दोन विरुद्ध कोपरे धरून तिरकी ओढा, लगेच लांबते. शिंपी त्याला उरेब म्हणतात. पीळ नेमका याच तिरक्या दिशेने मारा करतो. उभ्या धाग्यांना पिळाचं काही देणंघेणं नसतं, तिथे सगळा भार राळेवर येतो आणि राळ मऊ. म्हणून पीळ अडवायचा तर कार्बनचं कापड 45 अंशात, उरेब घालावं लागतं, एक थर उजवीकडे, एक डावीकडे.

दुसरा मास्ट केला तेव्हा निम्मे थर उभे आणि निम्मे उरेब, आळीपाळीने. पीळ सहा अंशावरून दीडच्या आसपास आला. पण वाक 9 मिलीमीटरवरून 16 वर गेला. म्हणजे तेवढ्याच जाडीत तुम्ही एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात ठेवता. उभे वाढवले तर पीळ वाढतो, उरेब वाढवले तर वाक वाढतो. यातून सुटायचे दोनच रस्ते आहेत: महागडा हाय-मॉड्युलस, म्हणजे जास्त ताठ, धागा, ज्याचा आकडा 230 ऐवजी पावणेचारशेच्या घरात असतो, किंवा जाडी. धागा पैसे मागतो आणि ठोका लागला की पटकन तुटतो. जाडी फक्त थोडं पाणी मागते. ते किती, ते पुढे सांगतो.

तुमच्या नव्या विंगने हे दुखणं उघडं का पाडलं तेही इथेच सांगून टाकतो. विंग जितकी लांब तितकं टोक मास्टपासून दूर, आणि टोकाला थोडा जास्त-कमी दाब आला तरी हात लांब असल्यामुळे मुरडा मोठा. वळताना एक टोक पृष्ठभागाजवळ आलं की तिकडची उचल कमी होते, दुसरीकडची तशीच राहते. लहान, रुंद विंगला हाच मास्ट पुरायचा. लांब, सडपातळ विंगला तोच कमी पडतो.

पण थांबा. मास्टला दोष देण्याआधी एक तपासणी करा, फुकटची. बोर्ड गवतावर किंवा गादीवर उलटा ठेवा, मास्ट आणि विंग वर. एका हाताने मास्ट धरा, अंगठा मास्ट आणि फ्युजलाजच्या (मास्टच्या टोकाला विंग धरणाऱ्या आडव्या दांड्याच्या) सांध्यावर ठेवा. दुसऱ्या हाताने विंगचं एक टोक पुढे-मागे आणि वर-खाली हलवा. जोर लावू नका, नुसतं हलवा. अंगठ्याला बारीक ‘टक्’ लागलं तर सांध्यात प्ले, म्हणजे ढिलाई, आहे. तोच प्रकार मास्ट आणि बोर्डाच्या प्लेटजवळ करा. अर्ध्या मिलीमीटरचा प्ले 40 मिलीमीटरच्या बैठकीत असेल तर तो 0.7 अंश झाला. माझ्या लेझरवर तुमच्यासारखा अख्खा मास्ट पिळून जेवढा देतो, जवळपास तेवढाच. आणि हा प्ले जास्त त्रासदायक, कारण मास्ट हळूहळू वाकतो, परत येतो, त्याची सवय होते. प्ले मध्येच सुटतो आणि मध्येच अडकतो. तुम्ही ‘मध्येच डळमळतो’ लिहिलंय ना, त्या ‘मध्येच’वरून मला मास्टपेक्षा सांध्याचाच संशय जास्त आहे.

दोन वर्षं वापरलेल्या अ‍ॅल्युमिनियम सिस्टममध्ये हे हमखास होतं. स्क्रू काढा, बैठक पुसा, वाळूचा एक कण जरी राहिला तरी पृष्ठभाग नीट बसत नाही. बैठक घासून सैल झाली असेल तर थंड पेयाच्या कॅनचा पत्रा कापून शिम, म्हणजे फट भरणारी पातळ पट्टी, म्हणून घाला. तो एक दशांश मिलीमीटरच्या आसपास असतो आणि अ‍ॅल्युमिनियमचाच असल्यामुळे गंजाची भानगड नाही. पितळी शिम घालू नका, रामेश्वरमच्या खाऱ्या पाण्यात पितळ अ‍ॅल्युमिनियमला खाऊन टाकेल. स्क्रू सगळे एकदम आवळू नका, चारही थोडेथोडे, चाकाच्या नटासारखे. बोर्डाच्या बाजूचे एम8 स्क्रू आणि त्यांचे बोर्डाच्या खाचेत बसणारे टी-नटही बघा. मला आलेल्या ‘मास्ट खराब आहे’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी बऱ्याच जणांचं काम शिम आणि पान्यावर झालंय. त्याचे मी पैसे घेत नाही, चहा घेतो.

बोर्ड हवा भरायचा असेल तर तिथेही लवचिकता असते. प्लेटच्या आजूबाजूला कापड दबतं. मग कितीही ताठ मास्ट लावा, मुळाशीच मऊ.

आता पाण्याच्या विरोधाचं, म्हणजे ड्रॅगचं. बारीक मास्टची सगळी जाहिरात याच्यावर चालते. 15 नॉटला, म्हणजे ताशी 28 किलोमीटरला, 12 सेंटीमीटर रुंदीच्या मास्टचा 60 सेंटीमीटर भाग पाण्यात असेल तर त्याचा ड्रॅग साधारण दोन-सव्वादोन किलोच्या जोराएवढा होतो. तुमच्या वजनाला अख्ख्या फॉइलचा मिळून सात ते नऊ किलो धरा. म्हणजे मास्टचा वाटा चौथा हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त. हे कमी नाही. पण यातला मोठा भाग मास्टच्या ओल्या पृष्ठभागामुळे असतो, आणि तो जाडीने फारसा बदलत नाही. रुंदी तेवढीच ठेवून 19 ऐवजी 14 मिलीमीटर केलं, तर वाचतात सुमारे 300 ग्रॅम. त्यात मास्ट पाण्याबाहेर पडतो तिथे जे तुषार उडतात त्याचाही हिशेब धरलाय. तो भाग जाडीच्या वर्गाने वाढतो, पण मुळात लहान आहे. 25 नॉटला हाच फरक पाऊण-एक किलोवर जातो, कारण ड्रॅग वेगाच्या वर्गाने वाढतो.

म्हणजे सौदा असा आहे: 15 नॉटला 300 ग्रॅम ड्रॅग वाचवायचा आणि त्याबदल्यात अडीचपट ताठपणा सोडायचा. शर्यतीत पळणाऱ्याला 30 नॉटवर हा सौदा परवडतो, तो हाय-मॉड्युलस धाग्याचे पैसेही मोजतो. तुम्हाला परवडत नाही. शिवाय मास्ट पिळला की विंग वाकडी चालते, मास्ट स्वतः पाण्यात तिरका घुसतो, आणि तिरक्या मास्टचा ड्रॅग त्या 300 ग्रॅमला गिळून वर ढेकर देतो.

तिरकेपणाचा आणखी एक तोटा. मास्ट पृष्ठभाग चिरत जातो, त्यामुळे त्याच्या एका अंगाला दाब कमी झाला की वरची हवा त्या अंगाने खाली ओढली जाते. ती विंगपर्यंत पोचली की उचल एका क्षणात जाते आणि तुम्ही बोर्डाच्या पुढे पाण्यात. बारीक, धारदार नाकाच्या मास्टला हे कमी कोनात होतं, गोलसर नाकाचा जाड मास्ट जास्त कोन सोसतो. उजनीत याला एक जास्तीचं कारण आहे: जलपर्णीचे तंतू आणि चिलापीसाठी लावलेली तंगूसची जाळी. मास्टच्या नाकावर एक तंगूस अडकला तरी हवेला खाली यायला शिडी मिळते. वेगात असताना पाणी उकळून बुडबुडे धरण्याचा प्रकार, ज्याची परदेशी लोक फार चर्चा करतात, तो तुमच्या वेगाला विसरून जा. नीट घडवलेला, सरळ चालणारा मास्ट 40 नॉटपर्यंत त्यातून सुटतो. तिरका झाला तर 30 च्या आसपास अडकतो. तुम्ही 20 ला आहात.

आता लांबी. 90 घ्या म्हणणाऱ्याचं एका बाबतीत बरोबर आहे, आणि ते मी मान्य करतो. एक मीटर स्पॅनची विंग घेऊन तुम्ही 40 अंशांत कलून वळलात, तर बाहेरचं टोक मध्यापेक्षा 32 सेंटीमीटर वर येतं. बोर्डाची कड पाण्याला लागू नये म्हणून बोर्डाचा मध्य 22 सेंटीमीटर वर ठेवावा लागतो. 75 च्या मास्टने तेव्हा विंगचा मध्य असतो साधारण 35 सेंटीमीटर खोल. म्हणजे टोक पाण्याच्या जेमतेम तीन-साडेतीन सेंटीमीटर आत. दोन बोटं. एक लाट आली की टोक उघडं. 90 च्या मास्टने तेच टोक 15 सेंटीमीटर आत राहतं. मोठ्या लाटांत, जोरात कलून वळणाऱ्याला लांब मास्ट हवाच. ऑलिंपिकच्या आयक्यूफॉइल वर्गात 95 सेंटीमीटरचा मास्ट असतो, पण तिथे बोर्डही 95 सेंटीमीटर रुंद आहे आणि सेलर तो वाऱ्याच्या बाजूला कलवूनच चालवतो. ते बघून आपण 95 घेणं म्हणजे शेजारच्याचा चष्मा लावणं.

लांब मास्टचा ड्रॅग जास्त, हे मात्र अर्धसत्य आहे. पाण्यात किती मास्ट आहे हे तुम्ही किती उंच चालता त्यावर ठरतं. उंच चाललात तर 90 चाही 60च पाण्यात. खरी किंमत दुसरीकडे मोजावी लागते: तेवढ्याच मुरड्याला कल लांबीच्या प्रमाणात वाढतो आणि बाजूच्या जोराला वाक लांबीच्या घनाने. 75 चे 90 केले की वाक 1.7 पट. तो भरून काढायला जाडी हवी. म्हणून ‘लांब आणि बारीक’ हे एकाच वाक्यात ऐकलं की मी आधी धाग्याचा प्रकार विचारतो.

आणि मग उजनी. आपल्याकडे वारा आणि पाणी यांचं कधीच पटत नाही. जून-जुलैत मोसमी वारा पठारावरून भणभणत येतो, तेव्हा धरण तळाला गेलेलं असतं. पुण्याकडचा पाऊस भीमेतून येऊन धरण भरेपर्यंत ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो, आणि तोवर वारा पडू लागतो. धरणाच्या सुमारे 117 टीएमसीपैकी निम्म्याहून अधिक मृतसाठा आहे, टक्केवारी फक्त वापरायच्या पाण्यावर मोजतात, म्हणून पेपरात ‘उजनी वजा’ येतं. 2024च्या उन्हाळ्यात ती वजा 50च्याही खाली गेली होती. त्या पातळीला बॅकवॉटरच्या कडेला कमरेएवढं पाणी, खाली काळा गाळ, आणि गाळात जुन्या गावांच्या भिंती, बांध, झाडांची खोडं. पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडलं की लोक फोटो काढायला जातात. मी ते बघून मास्टची लांबी ठरवतो. 90 चा मास्ट, खाली फ्युजलाज-विंग, वर हालायला जागा, असं धरून तुम्हाला छातीएवढं पाणी हवं. ते शोधत गाळातून चालत जाणं हाच निम्मा व्यायाम होईल.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. मे 2024मध्ये कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा माणसं गेली. ते पाणी उथळ वाटतं, तसं ते नाही. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय उतरू नका, एकटे जाऊ नका, आणि कोळ्यांना विचारून जा, जाळी कुठे लावली आहेत ते त्यांनाच माहीत असतं. पाटबंधारे खात्याच्या परवानगीचंही आधीच बघा.

गाळातल्या भिंतीला धडक बसण्याचा संभव असेल तिथे अ‍ॅल्युमिनियम मला आवडतो. तो वाकतो, ओरखडतो, दिसतं काय झालं ते. कार्बन बाहेरून ठीक दिसतो आणि आत थर सुटलेले असतात. नाण्याने टकटक करून बघावं लागतं, जिथे आवाज बद्द येईल तिथे गडबड. खाऱ्या पाण्यात मात्र अ‍ॅल्युमिनियमचे हाल होतात, विशेषतः कार्बन किंवा स्टेनलेसला चिकटलेला असेल तर. रामेश्वरमहून आलात की त्याच दिवशी सगळं सुटं करून गोड्या पाण्याने धुवा, स्क्रूंना ग्रीस लावा. सुटं न करता चार महिने ठेवलेला एक सेट माझ्याकडे आला होता, तो शेवटी ड्रिल करून काढावा लागला.

कार्बनचा आपल्याकडचा शत्रू वेगळाच. साध्या, खोलीच्या तापमानाला मुरलेल्या इपॉक्सी राळेची ताकद 55-60 अंशांच्या आसपास ढासळते. मे महिन्यात सोलापुरात सावलीत 43-44, मग काळा मास्ट उन्हात किती तापत असेल विचार करा. माझा तो दुसरा मास्ट, पिळाचं गणित जमवलेला, मी गच्चीवर दोन विटांवर आडवा ठेवला आणि जेवायला गेलो. पोटभर जेवलो, जरा पडलो. वर गेलो तर मधोमध खाली आलेला, हरभऱ्याच्या घाट्यासारखा. हात लावला तर चटका. तेव्हापासून प्रत्येक मास्ट भट्टीत 70-80 अंशांवर काही तास भाजून काढतो, म्हणजे राळ उन्हाला डरत नाही. तुम्ही कोणाकडूनही कार्बन मास्ट करून घ्या, ‘भट्टीत भाजलाय का’ हा प्रश्न विचाराच. आणि विकतचा असला तरी गाडीच्या टपावर उघडा बांधून पुणे हायवेने नेऊ नका, पांढऱ्या चादरीत गुंडाळा. चादरींची आपल्याकडे काय कमी.

निमुळत्या मास्टबद्दल एक शब्द, कारण दुकानात तुम्हाला तेच दाखवतील. वर 19, खाली 14 असे मास्ट येतात. बाजूच्या जोराने येणारा वाक मुळाशी जास्त असतो, म्हणून वर जाड, हे बरोबर. वरचा भाग बहुतेक वेळ पाण्याबाहेर असतो, त्यामुळे ड्रॅगही नाही. हुशारीची रचना आहे. पण पीळ मास्टच्या लांबीभर सारखाच असतो, तो वर-खाली असा भेद करत नाही. खालचा बारीक भाग पिळाला तसाच उघडा पडतो. म्हणून निमुळता मास्ट बघताना वरची जाडी सांगतील ती ऐकून सोडून द्या, खालची विचारा. अ‍ॅल्युमिनियममध्ये हा प्रश्नच येत नाही. तो साच्यातून शेवयांसारखा ढकलून काढलेला असतो, वरपासून खालपर्यंत एकच जाडी.

तर तुम्ही काय करावं. आधी सांधे तपासा, शिम घाला, दोन-तीन वेळा पाण्यात जाऊन या. माझा अंदाज, तक्रार निम्म्याहून जास्त कमी होईल. उजनीसाठी आणि रामेश्वरमच्या उथळ, सपाट पाण्यासाठी 75 पुरतो. तरीही कार्बन घ्यायचाच असेल, तर 80 ते 85 सेंटीमीटर, खालच्या टोकाला 15-16 मिलीमीटरच्या आत नाही, आणि तुमच्या सध्याच्या फ्युजलाजला बसेल असा. 92 किलोला 14 हा आकडा हाय-मॉड्युलसशिवाय नकोच. विकणारा कबूल असेल तर मास्ट शेडवर घेऊन या, लेझरवर लावून बघू. तुमचा जुना आणि नवा एकाच भिंतीवर. नव्याचा ठिपका जुन्यापेक्षा लांब गेला तर परत करा, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

आणि तो घूं आवाज. मास्टची मागची कड बोथट असली की पाणी तिथून सुटताना एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून भोवरे सोडतं, आणि त्या तालावर कड थरथरते. 2 मिलीमीटरच्या कडेला 14 नॉटवर सेकंदाला साधारण 700 वेळा. दोन्ही बाजू सारख्या असल्या की ताल पक्का बसतो, म्हणून तो बिघडवायचा: 240 नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून कडेची फक्त एक बाजू 45 अंशांत घासा, दुसरीला हात लावू नका. तुमच्या मास्टवर अ‍ॅनोडायझिंग आहे, तो वरचा संरक्षक थर घासून जाईल, म्हणून आधी खात्री करा की आवाज मास्टचाच आहे. कडेवर एक हातभर इलेक्ट्रिकची टेप एकाच बाजूने चिकटवून एक फेरी मारा. आवाज बदलला तर मास्ट, नाही बदलला तर विंगची कड बघा.